शनवार तेली आणि आमचा सहिष्णुपणा

यहुदी लोकांची गोष्ट निघाली म्हणजे आमच्याकडील वक्त्यांस विशेष स्फुरण चढतें. युरोपांत त्यांस जाळलें, हांकलून दिलें, अंगावर खूण लावून हिंडावयास लावलें. हिंदुस्थानांत मात्र दोन हजार वर्षें त्यांच्या केसासही धक्का लागला नाहीं, असें सांगून टाळ्या घेतल्या जातात. हें विधान खोटें नाहीं. किंबहुना स्वदेशाविषयीं ज्या थोड्या गोष्टी जगापुढें निःशंकपणें मांडतां येतील त्यांपैकीं ही एक आहे, आणि ती मांडण्यांत आम्ही कोणाच्या मागें राहणार नाहीं. परंतु साक्षीदार आपल्या बाजूचा आहे म्हणून त्याची उलटतपासणी करूं नये, असा नियम न्यायाच्या कोर्टांत नाहीं. इतिहासाच्या कोर्टांतही तो नसावा. आपण छळ केला नाहीं हें ठीक. पण तो कां केला नाहीं? औदार्यानें, कीं दुसऱ्या कांहीं कारणानें? या प्रश्नास आमचे वक्ते हात घालीत नाहींत, म्हणून तो आज येथें घेतला आहे.

ज्या युरोपाशीं ही तुलना करावयाची, तेथील एका शहराची हकीकत प्रथम पाहूं. ऱ्हाईन नदीच्या कांठीं वर्म्स, स्पायर व माइन्झ अशीं तीन शहरें आहेत. अकराव्या व बाराव्या शतकांत यहुदी विद्येचें माहेरघर म्हणजे हीं तीन शहरें. वर्म्स येथील प्रार्थनामंदिर १०३४ सालीं उभें राहिलें. ११८५ च्या सुमारास जमिनीच्या पोटांत पायऱ्यांनीं उतरून जावें असें शुद्धिस्नानाचें कुंड तेथें बांधलें गेलें, आणि १२१२ च्या सुमारास स्त्रियांच्या प्रार्थनेकरितां शेजारींच स्वतंत्र दालन झालें. राशी या नांवानें प्रसिद्ध असलेल्या ज्या पंडिताचें भाष्य यहुदी विद्यार्थी आजही मूळ ग्रंथाबरोबरच शिकतो, तो राहणारा फ्रान्सांतला. पण विद्येसाठीं तो तरुणपणीं माइन्झ व वर्म्स येथें येऊन राहिला होता. समाजाचा कारभार बारा जणांच्या पंचायतीकडे असे. कराचा वांटा कोणी किती उचलावा, गरिबाच्या मुलीचें लग्न कसें पार पाडावें, परगांवचा मनुष्य आला तर त्यास कोणाच्या घरीं उतरवावें, हें सारें समाजांतच ठरे. आपसांतील तंटे आपल्याच न्यायाधीशांपुढें जात, आणि निकाल न मानणाऱ्यावर बहिष्कार पडे. माइन्झच्या गेर्शोम नांवाच्या धर्मगुरूनें एकाहून अधिक बायका करण्यास बंदी केली, व दुसऱ्याचें पत्र फोडून वाचणाऱ्यास बहिष्कृत ठरविलें, असें परंपरा सांगते. हजार वर्षांपूर्वी एका मूठभर समाजानें केवळ पंचांच्या शब्दावर जी गोष्ट केली, ती हिंदु समाजांत करावयास मुंबई इलाख्यास १९४६ चा व सबंध देशास १९५५ चा कायदा लागला, एवढें जातां जातां नमूद करून ठेवतों.

आतां या वस्तीच्या भिंतीचा इतिहास ऐका. स्पायरच्या बिशपानें १०८४ सालीं यहुद्यांस आपल्या शहरांत वसविलें, तेव्हां त्यांस एक सनद दिली. त्यांच्या वस्तीभोंवतीं आपण भिंत घातली आहे, असें तींत त्यानें लिहिलें. आणि ती भिंत त्यानें कृपा म्हणून घातली होती. जमावाचा उपद्रव त्यांस होऊं नये, एवढाच तिचा हेतु. पुढें बाराच वर्षांनीं, १०९६ सालीं, जेरुसलेम जिंकावयास निघालेल्या धर्मयोद्ध्यांच्या टोळ्या ऱ्हाईनच्या कांठीं आल्या, आणि दूरच्या शत्रूपूर्वी घरचाच अविश्वासी कापावा असें त्यांच्या मनानें घेतलें. एकट्या वर्म्समध्यें दोन हल्ल्यांत मिळून सुमारें ८०० माणसें मेलीं. त्यांतलीं कित्येक बिशपच्या वाड्यांत आश्रयास गेलेलीं होतीं. १२१५ सालीं रोम येथील धर्मपरिषदेनें ठरविलें कीं, यहुद्यांचा पोषाख इतरांहून वेगळा ओळखूं आला पाहिजे. १२३६ सालीं बादशहा दुसरा फ्रेडरिक यानें जर्मनींतील सर्व यहुदी हे आपल्या खजिन्याचे दास होत, असें जाहीर केलें. वकिलाच्या दृष्टीनें हें वाक्य मोठें अर्थपूर्ण आहे. दासाचें रक्षण धनी करतो खरा, पण तें मालमत्ता म्हणून; आणि मालमत्ता गहाण टाकतां येते, विकतां येते, नको झाली म्हणजे टाकूनही देतां येते. १३४९ सालीं प्लेगची सांथ आली, तेव्हां यहुद्यांनींच विहिरींत विष कालविलें असा बोभाटा उठला, आणि स्ट्रासबर्ग, वर्म्स, माइन्झ इत्यादि शहरांतील वस्त्या नष्ट झाल्या. पुढें १४६२ सालीं फ्रांकफुर्टच्या नगरसभेनें यहुद्यांस एका गल्लींत कोंडलें. रात्रीं व ख्रिस्ती सणांच्या दिवशीं तिचे दरवाजे बंद होत. १५१६ सालीं व्हेनिसनें तोच कित्ता गिरविला, आणि तेथल्या त्या मोहल्ल्याचें ‘घेट्टो’ हें नांव सगळ्या जगाच्या भाषांत गेलें. रक्षणासाठीं घातलेल्या भिंतीचा तुरुंग व्हावयास चार-साडेचारशें वर्षें लागलीं.

आमच्या व्यापारी वाचकांस येथें एक प्रश्न सुचेल: हे लोक सावकारीच्याच मागें कां लागले? उत्तर असें कीं, दुसरे धंदे त्यांच्यासाठीं हळूहळू बंद झाले. विणकर, सोनार, चांभार यांचे जे संघ युरोपच्या शहरांत होते, ते धर्माच्या शपथेवर चालत व त्यांची एक ख्रिस्ती कुलदेवता असे म्हटलें तरी चालेल. त्यांत यहुद्यास प्रवेश कसा मिळावा? जमीन धारण करण्याचाही मार्ग बहुतेक ठिकाणीं मिटला. उरली व्याजबट्ट्याची पेढी, कारण ख्रिस्ती धर्मशास्त्रानें व्याज घेणें पाप ठरविलें होतें आणि पैशाची गरज मात्र राजापासून सरदारापर्यंत सर्वांस होती. राजा यहुद्यांकडून कर उकळी. यहुदी तो कर ऋणकोकडून उकळी. आणि शिव्या मात्र पेढीवर बसलेल्यास बसत. इंग्लंडांत यॉर्क येथें ११९० च्या मार्चांत सुमारें दीडशें यहुदी किल्ल्याच्या बुरुजांत कोंडले जाऊन मेले. त्यानंतर जमावानें काय केलें? मोठ्या देवळांत ठेवलेलीं कर्जरोख्यांचीं कागदपत्रें काढून तीं तेथेंच जाळलीं. या जमावाचे कांहीं पुढारी यहुद्यांचे ऋणको होते. सरकारनें पुढें शहाणपण शिकून प्रत्येक रोख्याची दुसरी प्रत सरकारी पेटींत ठेवण्याची तजवीज केली, अर्थात् यहुद्यांच्या प्राणांपेक्षां राजाचें उत्पन्न सुरक्षित राहावें म्हणून. शंभर वर्षांनीं, १२९० सालीं, सारेच यहुदी इंग्लंडांतून घालवून दिले गेले.

हें वाचतांना १८७५ सालच्या आमच्या दख्खनच्या दंग्यांची आठवण होणें अपरिहार्य आहे. १२ मे रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें सावकारांच्या दुकानांवर शेतकरी चालून गेले, आणि त्यांसही हवे होते ते रोखे व खातेवह्याच. परंतु दख्खनच्या दंग्यांत सावकाराच्या जिवास फारसा अपाय झाला नाहीं. रोखा हातीं आला कीं बहुधा प्रकरण मिटे. त्यावर १८७९ चा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा झाला आणि कर्जाच्या कागदांच्या नोंदणीची व्यवस्था लागली. दोन्हीकडे कर्ज तेंच व राग तोच. मारवाडी सावकार परका खरा, पण देवाचा वैरी म्हणून त्याच्याकडे कोणी बोट दाखवीत नव्हतें; यॉर्कच्या यहुद्याविरुद्ध मात्र ऋणकोच्या रागास धर्माची आज्ञा मिळाली होती.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. ज्या काळीं वर्म्सचें मंदिर उभें राहत होतें, त्याच्याही पूर्वी कोंकणांत चेऊल हें मोठें बंदर होतें. अरब लेखक त्यास सैमूर म्हणत. ९१६ च्या सुमारास अल मसूदी नांवाचा प्रवासी तेथें आला. शिलाहार राजा झंझ याच्या अमलाखालीं हजारों मुसलमान तेथें राहत असून, त्यांचे व्यवहार पाहण्यासाठीं त्यांच्यांतीलच एक प्रमुख राजानें नेमलेला असे, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. तेराव्या शतकांतील कझवीनी या ग्रंथकारानें तर सैमूरमध्यें मशिदी, ख्रिस्त्यांचीं मंदिरें, यहुद्यांचीं प्रार्थनास्थानें व अग्निशाळा असल्याचें जुन्या प्रवाशाच्या आधारें नमूद केलें आहे. म्हणजे आपसांतील न्याय आपसांत करण्याची जी मोकळीक वर्म्सच्या पंचायतीस बादशाही सनदेनें मिळाली, ती चेऊलच्या परदेशी व्यापाऱ्यांसही होती. फरक एवढाच कीं, येथें कोणी राजाचा दास ठरला नव्हता.

पण बंदरांतला व्यापारी यहुदी निराळा आणि खेड्यांतला निराळा. आमच्या विषयाचा खरा नायक हा दुसरा आहे. बेने इस्रायल लोकांची परंपरा अशी कीं, फार प्राचीन काळीं अलिबागेच्या उत्तरेस नवगांवपाशीं एक गलबत फुटलें. त्यांतून सात पुरुष व सात बायका वांचल्या, आणि वाहून आलेलीं प्रेतें त्यांनीं किनाऱ्यावर पुरलीं. ती जागा आजही दाखवितात. ग्रंथ समुद्रांत गेले, भाषा विसरली, देशांतील सहधर्मीयांची गांठ नाहीं. उरलें काय? मुलाची सुंता, शनिवारचा विसावा, खवले नसलेली मासळी न खाण्याचा नियम, आणि ‘शेमा’ या हिब्रू प्रार्थनेचे शब्द. एवढ्या शिदोरीवर हे लोक शेंकडों वर्षें यहुदी राहिले. तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा. आमच्या वऱ्हाडांत तेली समाज सर्वांच्या परिचयाचा आहे. कोंकणांत सोमवारीं घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, आणि शनिवारीं बैल सोडून बसणारे ते शनवार तेली. कोंकणच्या शेतकऱ्यास याहून अधिक चौकशीची गरज वाटली नाहीं.

त्यांचे सण पाहा. वर्षारंभाचा नव्याचा सण, मग खिरीचा सण, प्रायश्चित्ताच्या मोठ्या उपासाचा दारफाळणीचा सण व दुसऱ्या दिवशींचा शिळा सण. एस्तेर राणीच्या गोष्टीचा तो होळीचा सण. आणि जेरुसलेमचें मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस म्हणजे बिरड्याचा रोजा, कारण त्या दिवशीं घरोघर बिरडें शिजे! सॅम्युएलचा सामाजी झाला, एझिकेलचा हसाजी, आयझॅकचा इसाजी. आडनांवें गांवांवरून पडलीं: केहीमकर, पेणकर, रोहेकर, झिराडकर, आष्टमकर, दिवेकर, तळकर. नवस फेडावयाचा तर एलियाहू प्रेषिताच्या नांवें, आणि त्याचा नैवेद्य मलिद्याचा, म्हणजे गुळानारळांत कालविलेल्या पोह्यांचा व फळांचा. अलिबागजवळ खंडाळ्यास त्या प्रेषिताच्या रथाची खूण दगडावर उमटली आहे अशी श्रद्धा आहे. पुढें हा समाज मुंबईस आला तेव्हां आपल्या प्रार्थनामंदिरास तो ‘मशीद’ म्हणूं लागला. आणि पुण्यास डेव्हिड ससून यानें तांबड्या विटांचें जें मंदिर बांधलें त्यास पुणेंकरांनीं ‘लाल देऊळ’ म्हटलें. एका धर्माच्या घरास एका शहरांत मशीद व दुसऱ्या शहरांत देऊळ म्हणावें आणि त्यावरून कोणाचें डोकें फुटूं नये, ही गोष्ट वर्म्सच्या नागरिकास सांगितली असती तर त्यानें ती खरी मानली नसती.

येथपर्यंत वक्त्यांची बाजू झाली. आतां उलटतपासणी. शनवार तेल्यास कोंकणानें सुखानें राहूं दिलें तें त्याचा धर्म जाणून घेऊन, त्याचा आदर करून नव्हे. त्याचा धर्म कोणता, हें कोणी विचारलेंच नाहीं. जातींच्या उतरंडींत तेल्याची एक पायरी अगोदरच तयार होती. नवागतास तीवर बसवून दिलें आणि शनिवारची सुटी ही त्या पोटजातीची रूढि म्हणून मानून घेतली. त्याच्याशीं रोटी नाहीं, बेटी नाहीं. पण तशी ती शेजारच्या दहा जातींशींही नव्हती, म्हणून त्यांत विशेष असें कोणास कांहीं वाटलें नाहीं. युरोपच्या शहरांत एकच भिंत होती व ती एकाच समाजाभोंवतीं होती. म्हणून ती डोळ्यांस दिसे व तिचा राग येई. आमच्या गांवांत प्रत्येक घरांमध्यें भिंत होती. अशा ठिकाणीं आणखी एक समाज आला तर त्यास कोंडण्याचें वेगळें काम उरत नाहीं. ज्या व्यवस्थेनें बेने इस्रायलास निर्धास्तपणें घाणा चालवूं दिला, त्याच व्यवस्थेनें गांवकुसाबाहेर राहणाऱ्या आपल्याच धर्मबांधवास विहिरीवर चढूं दिलें नाहीं. एकीचें श्रेय घेऊन दुसरीची जबाबदारी झटकणें प्रामाणिकपणाचें नाहीं.

या अज्ञातवासाचा एक लाभही झाला, तो सांगितला पाहिजे. सोळाव्या शतकांत युरोपची ती भिंत गलबतांत बसून आमच्या किनाऱ्यास लागली. गार्सिया द ओर्ता हा यहुदी वंशाचा, बाह्यतः ख्रिस्ती झालेला पोर्तुगीज वैद्य १५३४ सालीं गोव्यास आला. येथील वनस्पती व औषधें यांवर त्यानें लिहिलेला ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांतच छापला गेला व युरोपभर गाजला. १५६० सालीं गोव्यांत धर्मन्यायासन स्थापन झालें. ओर्ता १५६८ सालीं वारला. दुसऱ्याच वर्षीं त्याच्या बहिणीस गुप्तपणें यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यांत आलें, आणि १५८० सालीं त्याच्या स्वतःच्या अस्थि उकरून काढून जाळल्या. याच पोर्तुगीजांचा अंमल रेवदंड्यावर १७४० पर्यंत होता, आणि आसपासच्या खेड्यांत शनवार तेल्यांचे घाणे चालू होते. त्यांस यहुदी म्हणून कोणी ओळखत नव्हतें, हेंच त्यांचें कवच झालें असावें असें आम्हांस वाटतें. तें न्यायासन १८१२ सालीं कायमचें उठलें. रेवदंड्यास बेने इस्रायलांनीं आपलें मंदिर उघडपणें बांधलें तें १८४२ सालीं.

परंतु कवच अंगास चिकटलें म्हणजे तें कातडी होऊन बसतें. जातीच्या समाजांत शेंकडों वर्षें राहून या लोकांनींही जात उचलली. शुद्ध वंशाचे ते गोरे इस्रायल, आणि इतर जातींच्या स्त्रियांपासून झालेली संतति ती काळे इस्रायल, असे दोन भेद त्यांच्यांत पडले. त्यांचे आपसांत विवाह होत नसत. ज्या धर्मग्रंथांत विधवेच्या विवाहाची आज्ञा आहे, त्याच्या अनुयायांनीं आमच्या उच्चवर्णीयांचें पाहून विधवाविवाहास नाक मुरडलें. आमच्या चालीरीतींचा असा प्रसार पाहून अभिमान बाळगावा कीं लाज वाटून घ्यावी, हें ज्याचें त्यानें ठरवावें! पुढें बगदादहून श्रीमंत यहुदी व्यापारी मुंबईस आले, तेव्हां पारडें फिरलें. त्यांच्या लेखीं बेने इस्रायल हेच हलके. १८३६ सालीं त्यांनीं सरकारकडे अर्ज केला कीं, समाईक कबरस्तानांत दोन्ही लोकांमध्यें भिंत घालूं द्यावी. सरकारनें तो नाकारला. मेल्यानंतरही शेजार नको, या भावनेस आमच्याकडे उदाहरणें शोधावीं लागत नाहींत.

रंगून येथें तर हें प्रकरण कोर्टांत गेलें. तेथील प्रार्थनामंदिराच्या कारभारांत बेने इस्रायलांस मताचा व विश्वस्त होण्याचा अधिकार बगदादी मंडळी देईनात. १९३५ सालीं रंगूनच्या हायकोर्टानें निकाल बेने इस्रायलांच्या बाजूनें दिला. मेडशीच्या वाचकांनीं यावर फार आश्चर्य करूं नये. आमच्याच मालेगांव तालुक्यांत शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिराचा दिगंबर व श्वेतांबर यांमधील दावा १९२९ सालीं थेट प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेला होता. पुढें १९८१ पासून कित्येक वर्षें मंदिरास कुलूप राहिलें आणि तें सुप्रीम कोर्टाच्या हुकुमानें २०२३ सालीं निघालें. अहिंसेचे उपासक जेथें भांडतात, तेथें इतरांची कथा काय!

बेने इस्रायलांची पुनर्जागृति कशी झाली हा स्वतंत्र व मनोरंजक विषय आहे. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझिकेल, हा कंपनीच्या फौजेंतील देशी अंमलदार टिपूच्या कैदेंत पडला. त्यांतून सुटका झाल्याच्या कृतज्ञतेनें त्यानें १७९६ सालीं मुंबईंत मांडवीजवळ या समाजाची पहिली मशीद बांधली. सॅम्युएल स्ट्रीट हें नांव त्याचेंच. धर्मांतराच्या आशेनें आलेल्या मिशनऱ्यांनीं त्यांस हिब्रू शिकविली. जॉन विल्सन यानें १८३२ सालीं मराठींत हिब्रूचें व्याकरण छापलें. फळ मात्र उलटें आलें: मूळ ग्रंथ वाचतां येऊं लागल्यावर हे लोक पूर्वीपेक्षां पक्के यहुदी झाले. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनीं प्रार्थनापुस्तकें मराठींत आणलीं. १८७४ सालीं पुण्यास मोझेस जेकब तळकर व आरन डॅनियल तळकर यांनीं वल्हांडण सणाची पोथी मराठी भाषांतरासह प्रसिद्ध केली. तिच्यांतील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका महाराष्ट्रीय वेषांत जमिनीवर बसलेल्या आहेत. १८८० च्या सुमारास योसेफ व मोशे यांचीं आख्यानें लावून मराठी कीर्तनें होऊं लागलीं. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनीं १८७५ सालीं मुंबईंत समाजाच्या मुलांसाठीं शाळा काढली, आणि १८९७ सालीं समाजाचा इतिहास लिहून पुरा केला; तो छापला गेला १९३७ सालीं, तोही तेल अवीव येथें. आमच्या भाषेच्या प्रदेशांतील एका समाजाचा इतिहास चाळीस वर्षें हस्तलिखितांत पडून राहावा आणि शेवटीं परदेशांत छापला जावा, ही आमच्या विद्वत्तेची थोरवी.

विद्या आल्यावर कर्तृत्वास वेळ लागला नाहीं. १९१६ च्या खटल्यांत लोकमान्य टिळकांच्या बचावाकरितां बॅरिस्टर जिनांबरोबर डेव्हिड एरुलकर उभे होते; त्यांचे बंधु डॉ. अब्राहम एरुलकर गांधीजींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपैकीं एक. डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर हे १९३७ सालीं मुंबईचे महापौर झाले. डॉ. जेरुशा झिराड यांनीं स्त्रियांच्या वैद्यकांत नांव मिळवून १९६६ सालीं पद्मश्री घेतली. घाण्यापासून महापौरपदापर्यंतचा हा प्रवास चार-पांच पिढ्यांचा. त्यांत कोणी आडवें आलें नाहीं, हेंही आमच्या जमेस धरावें.

मग हे लोक गेले कां? १८९७ सालच्या पहिल्या झिओनिस्ट परिषदेचें आमंत्रण त्यांनीं नाकारलें होतें. स्वदेशीं परतणें तें ईश्वराच्या हातून व्हावें, मनुष्याच्या नव्हे, असें त्यांचें म्हणणें. १९४८ सालीं इस्रायलचें राष्ट्र झाल्यावर मात्र ओघ सुरू झाला. धर्माची ओढ, नोकऱ्यांची टंचाई, इंग्रज गेल्यावर सरकारी खात्यांतील जुना आधार तुटल्याची भावना, हीं सारीं कारणें त्यांत होतीं. छळ हें कारण नव्हतें. तेथें त्यांचें स्वागत कसें झालें? १९५१ सालीं भेदभावाच्या तक्रारीवरून कांहींनीं धरणें धरलें, आणि १९५२ सालीं शंभरावर माणसें मुंबईस परत आलीं. पुढें तेथील धर्माधिकाऱ्यांनीं शंका काढली कीं, यांच्या विवाह-घटस्फोटांचे नियम शास्त्रोक्त पाळले गेले आहेत कशावरून? म्हणून इतर यहुद्यांशीं लग्न करावयाचें तर यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. बेने इस्रायलांनीं १९६४ च्या उन्हाळ्यांत जेरुसलेमास धरणें दिलें. त्याच वर्षींच्या ऑगस्टांत तेथील कायदेमंडळानें ठराव केला कीं, हे लोक सर्व बाबतींत इतरांसारखेच यहुदी आहेत, आणि धर्माधिकाऱ्यांस आपला हुकूम मागें घ्यावा लागला. कोंकणांत जो प्रश्न त्यांस कधीं कोणी विचारला नाहीं, तो सहधर्मीयांच्या राज्यांत विचारला गेला. येथें तो विचारला नाहीं, कारण आम्हांस त्यांच्याशीं लग्नें करावयाचीं नव्हतीं. तेथें विचारला, कारण त्यांस एका घरांत घ्यावयाचें होतें. या फरकाचा विचार आमच्या टाळीबाज वक्त्यांनीं अवश्य करावा.

आज हिंदुस्थानांत यहुदी किती उरले? १९५१ च्या खानेसुमारींत ते पंचवीस हजारांहून अधिक होते. २०११ च्या खानेसुमारींत सबंध देशांत पांच हजारांहून कमी. २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें त्यांस अल्पसंख्य म्हणून मान्यता दिली, ती योग्यच झाली. २००८ च्या नोव्हेंबरांत मुंबईच्या नरिमन हाउसमध्यें यहुद्यांस यहुदी म्हणून मारलें गेलें, पण मारेकरी पाकिस्तानांतून आले होते. आणि त्या घरांतील दोन वर्षांच्या मुलास जिवावर उदार होऊन बाहेर काढणारी दाई भारतीय होती.

ज्या सहिष्णुपणाचें आम्ही भूषण मिरवितों, त्याची खरी कसोटी मात्र आतां लागत आहे. उतरंड मोडली पाहिजे असें आम्ही म्हणतों, घटनेनें ती कायद्यापुरती मोडलीही. मग जातीच्या पायरीवांचून शेजाऱ्यास शेजारी म्हणून राहूं देण्याची संवय आमच्या अंगीं कितपत आली आहे? घर भाड्यानें देतांना, दुकानाचा गाळा देतांना, आडनांव विचारण्याची रीत शहरांत आहे व आमच्या लहान बाजारपेठांतही आहे. ‘पेणकर’ म्हटलें तर त्यावरून जात कळत नाहीं, म्हणून घरमालक पुनः विचारतो, “म्हणजे कोण?” शनवार तेल्यास कोंकणानें हा दुसरा प्रश्न विचारला नाहीं, कारण पहिल्याच उत्तरांत त्याची जागा ठरून गेली होती. जागा न ठरवितां, सर्व कांहीं माहीत असूनही, जो घर देईल त्याचा सहिष्णुपणा आम्ही खरा मानूं. व्यापाऱ्यांच्या मंडळ्यांनीं निदान आपल्या मालकीच्या गाळ्यांपुरता हा दुसरा प्रश्न बंद करण्याचा ठराव करावा. त्यास कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

आणि कोंकणाकडे एक काम उरलें आहे. अलिबागेंत ज्या आळींत बेने इस्रायलांचें मंदिर आहे तीस इस्रायल आळी म्हणतात. तीस दरवाजा कधीं नव्हता, कुलूपही नव्हतें. यहुदी धर्मांत सार्वजनिक प्रार्थनेस किमान दहा पुरुष हवेत, आणि रायगड जिल्ह्यांतील जुन्या मंदिरांत तेवढे जमवावयास आज मुंबई-ठाण्याहून माणसें यावीं लागतात. घरें गेलीं, घाणे गेले. पण गांवोगांवच्या त्यांच्या दफनभूमि तशाच आहेत, आणि जेथें वारस परदेशीं आहे तेथें कुंपण सरकावयास उशीर लागत नाहीं, हें जमिनीचे दावे चालविणाऱ्या कोणाही वकिलास सांगावयास नको. जिल्हा परिषदेनें व महसूल खात्यानें या सर्व जागांची मोजणी करून हद्दीचे दगड रोवावे, सातबाऱ्यावर दफनभूमि म्हणून स्पष्ट नोंद घ्यावी, आणि कबरींवरील मराठी व हिब्रू लेखांची नक्कल करून ठेवावी. गांवांतील म्हाताऱ्या माणसांस त्या जागा ठाऊक आहेत; तीं माणसें आहेत तोंच, या पावसाळ्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत, हें काम उरकून घेण्यासारखें आहे.